पलूसच्या उन्हातली बुखारी

थंडीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण एप्रिलच्या उन्हात थंडीच्या तयारीला लागणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा सासरा. फौजेतली बहुतेक नोकरी त्यांनी बर्फात काढली. निवृत्त होऊन पलूसला आले ते थंडीही आपल्या मागोमाग येणार, अशी खात्री बाळगूनच.

मागच्या एप्रिलात घर गरम ठेवायचा हीटर निवडायला त्यांनी मला सांगलीला ओढून नेलं. दुकानदार कूलर विकता विकता घामाघूम झालेला. हीटर दिवाळीनंतर येतात, एवढंच तो म्हणाला, तर सासऱ्यांनी त्यालाच धरून बंद खोलीत शेगडी पेटवली की माणूस झोपेतच कसा जातो, हे सविस्तर समजावलं. मागं गिऱ्हाइकं खोळंबली. मी ओळख नसल्यासारखा पंखे बघत राहिलो. शेवटी विजेचा हीटर त्यांनीच बाद केला, कारण आमच्याकडची वीज हमखास पहाटे जाते म्हणे. मग ठरली बुखारी, म्हणजे फौजेतली उभी लोखंडी शेगडी, जिचा धूर नळीवाटे छताबाहेर जातो. वेल्डिंगवाल्यानं ‘हळद शिजवायला का?’ असं विचारल्यावर ते त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नळीसाठी स्लॅबला भोक पाडलं ते पंख्याच्या हुकाला खेटून, म्हणून पंखाच उतरवला. आणि ऐन मे महिन्यात चाचणी घेतली. बाभळीची लाकडं धडधडत होती, सासरे स्वेटर घालून ताठ बसलेले, आणि जावई म्हणून मला उठता येईना. आता पुरे करूया, असं मी सुचवलं.

“थंडी पडल्यावर तयारी करायची नसती, जावईबापू,” ते म्हणाले.

“आवं, पावण्याला उकडून काढताय व्हय?” सासूबाई बाहेरून म्हणाल्या. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा खरोखरच कडाक्याचा गारठा पडला होता. पहाटे उठून पाहतो तो सासऱ्यांनी बुखारी पेटवलेली, खिडकी बोटभर उघडी ठेवलेली आणि समोर खुर्चीत सासूबाईंना बसवलेलं. गारठ्यात त्यांची बोटं आखडतात, चहाचा कपसुद्धा धरवत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी जवळ जाऊन बसलो. सासऱ्यांनी जाळात एक लाकूड सारलं.

“तिकडं मी बुखारीपाशी बसायचो,” ते हळूच म्हणाले, “तवा ही हितं पहाटंचं उसाला पाणी पाजत उभी असायची. कवा बोलली न्हाई.”

सासूबाईंनी बांगड्या मागं सारून हात उलटे केले आणि दुसऱ्या बाजूनं शेकू लागल्या. सासऱ्यांनी त्यांची खुर्ची किंचित पुढं ओढली. मी उठलो आणि आणखी लाकडं आणायला परसात गेलो.