किळस घेऊन कणकवलीला

तारकर्लीची जानकी कट्टा गावच्या बाजारात मासळी विकायची आणि त्यावरच घर चालायचं. नवरा सत्यवान गोव्याला बोटीवर कामाला गेला, तो तिकडे दुसऱ्या बाईबरोबर राहू लागला. काही वर्षांनी त्या बाईने हाकलल्यावर पिशवी घेऊन घरापुढच्या खळ्यात उभा राहिला. सासू काशीबाईने त्याला आत घेतलं आणि सरंगा माशाची मधली तुकडी त्याच्या पानात वाढली.

जानकीला त्याची किळस यायची. त्याचं काटे चोखणं, तांब्याला तोंड लावून पाणी पिणं, तिच्या साडीला खेटून वाळणारं त्याचं बनियन. त्याहून किळस येणाऱ्याजाणाऱ्यांची. जो तो सांगे, आशा सोडू नको, पुरुष वयाबरोबर सुधारतो. ती मागच्या पडवीत एकटी जेवू लागली.

लेक भक्ती कणकवलीला कॉलेजात होती. तिथल्या एका समुपदेशक बाईंकडे ती तिघांना घेऊन गेली. यातून काय व्हावंसं वाटतं, असं बाईंनी एकेकाला विचारलं. सत्यवान रडला, बायकोने माफ करावं म्हणाला. जानकी खुर्ची सरकवून त्याच्यापासून लांब बसली.

काशीबाई म्हणाली, "सगळा पयल्यासारखा होवंदे."

"पयला खंय बरा होता?" जानकी म्हणाली. "माका आशा नको. ह्येच्या उष्ट्या ताटाक हात लावताना माका ओकारी येता."

सासू तिला गप्प करू लागली. बाईंनी सासूलाच थांबवलं. "जानकीताई, माफीचं राहू दे. उद्यापुरतं काय हवंय?"

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"ह्येनी आपला ताट आपणच धुवचा. आणि माका कसा वाटाक व्हया, ता कोणी सांगूचा नाय."

सत्यवान ताट धुऊ लागला. तेलकट राहायचं, जानकी ते पुन्हा त्याच्यापुढे सरकवायची. लेकाला मोरीत बसलेला बघून काशीबाई तोंड फिरवी, पण उपदेश मात्र बंद झाला. कणकवलीच्या फेऱ्या चालू राहिल्या. किळस गेली नाही. त्याचं अंथरूण अजून ओटीवरच असतं.

पावसाळ्यानंतर बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. जानकी म्हणाली, "ह्यो समोर बसलो तरी माका घास गिळूक येवंदे. माझा घर आसा, मी पडवीत कित्याक जेवू?"

गेल्या महिन्यात ती आत जेवायला बसली, त्याच्याकडे पाठ करून. मध्येच उठली, चूळ भरून परत आली. भात संपवला.