दमलेल्या माणसांचे व्हिडिओ कॉल

आमच्या कामात प्रत्येक कॉलनंतर नोट्स लिहायच्या असतात. झोप किती झाली, चिडचिड किती झाली, पुढच्या आठवड्याचं काय ठरलं. पण जे खरं लक्षात राहतं त्याला त्या फॉर्ममध्ये रकानाच नसतो! मग ते डोक्यात साठत जातं आणि शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं चहाला जमलो की भसाभसा बाहेर पडतं.

तिघं म्हणजे कोण? एक शालिनीअक्का, आमच्या मुख्य. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातच. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरल्या ते त्यांनाच कळत नाही. दुसरा रोहित, पुण्याचा, बत्तीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा. आणि मी, मूळची निपाणीची, आता बेंगळुरातल्या राजाजीनगरची. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, एखाद्या मुलाला जास्तीचं लक्ष लागतंय, आणि सांभाळणारं माणूस पार थकून गेलंय, अशांशी आम्ही ऑनलाइन बोलतो. काउन्सेलिंग! नावं सगळी बदलली आहेत, आणि ज्यांचे किस्से त्यांना विचारूनच सांगतेय.

*

अक्कांचे ऑनलाइनचे पहिलेच दिवस होते. समोर एक निवृत्त गृहस्थ. बायकोला पक्षाघात झालेला, तीन वर्षं सगळं एकट्यानं करत होते. दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. अक्कांना वाटलं, बिचारे संकोचलेत. म्हणून त्यांनीच समजावायला सुरुवात केली. झोपेबद्दल, मदत मागण्याबद्दल, अगदी मनापासून!

इकडे नेट अर्धंच गेलेलं. त्यांचं बोलणं अक्कांना ऐकू येत होतं, पण अक्कांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांना दिसणारं अक्कांचं चित्रही अडकलेलं: मान जराशी कललेली, हनुवटीला हात, नजर समोर.

थोड्या वेळानं गृहस्थ बोलायला लागले. मग रडले. मग पुन्हा बोलले. अक्का केव्हाच बोलायच्या थांबून ऐकत होत्या. शेवटी नेट आलं तेव्हा ते डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, तीन वर्षांत इतकं शांतपणे माझं कुणी ऐकलं नव्हतं. मध्ये एक शब्द बोलला नाहीत तुम्ही!"

अक्का आम्हाला म्हणाल्या, "सरी, बरं म्हटलं! तेव्हापासून मी नेट गेलंय असं समजूनच बसते."

*

रोहितकडे एक बाई होत्या, त्यांच्या मुलाला वरचेवर फिट्स यायच्या. अकरा वर्षं त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नव्हती. रोहितनं होमवर्क दिला, "आठवड्यातून एक तास फक्त स्वतःसाठी काढायचा. तेवढा वेळ त्याचे बाबा बघतील."

पुढच्या आठवड्यात बाई खुशीत. "काढला की सर! लिंबाचं लोणचं घातलं."

"ताई, ते घरासाठी झालं!"

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याचे शर्ट अल्टर करून आणले होते. रोहितनं कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "सर, दुसऱ्या कुणासाठी नाही असं काय करायचं, तेच मला आठवेना हो."

तिसऱ्या आठवड्यात त्या घराबाहेर पडल्या, समोर आली ती बस पकडली आणि खिडकीशी बसल्या. इथे बायकांना बस फुकट, पण तिकीट फाडायला कंडक्टरला स्टॉप लागतो. त्यानं विचारलं, "एल्लिगे, अक्का?" म्हणजे, कुठे जायचं?

बाई ताठ बसून म्हणाल्या, "एल्लिगू इल्ला!" कुठेच नाही!

कंडक्टरनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि शेवटच्या स्टॉपचं तिकीट दिलं.

*

माझ्याकडची मेघना. दहा महिन्यांची जुळी मुलं, घर माणसांनी भरलेलं. बोलायला जागा नाही म्हणून ती बेसमेंटमध्ये गाडीत बसून कॉल घ्यायची. दर बुधवारी, काचा वर करून, एक तास. सुरुवातीला तर नुसती रडायची.

एक दिवस काचेवर टकटक. वॉचमन!

"मॅडम, दो महीने से देख रहा हूँ. गाडी स्टार्ट नहीं होती क्या? धक्का मारूँ?"

मेघना हसतच सुटली! तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग तिनं त्याला खरं ते सांगितलं, की थकायला होतं, म्हणून एका बाईंशी बोलते. तो काचेशी वाकला. मग म्हणाला, "मेरी घरवाली से भी बात करेंगी क्या? गाँव में मेरी माँ को अकेली सँभालती है."

आता त्याच्या बायकोचा गुरुवारचा कॉल असतो, रोहितबरोबर, हिंदीत. ती शेतात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर बसून बोलते. घरात जागा नाही म्हणून!

*

बेंगळुराजवळ आनेकलला कारखान्यात काम करणारं एक जोडपं, मूळचं अथणीकडचं. पाच वर्षांची मुलगी, ऑटिझम. कॉलवर आई एकटीच यायची.

"मिस्टर?"

"ते घरात नाहीत, मॅडम."

लगेच मागून दबका आवाज, "नाही म्हणून सांगितलीस न्हवं?"

मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढच्या वेळी स्क्रीनच्या कडेला एक कोपर दिसलं. त्याच्या पुढच्या वेळी एक गुडघा, आणि त्यावर बसलेली मुलगी. मी कोपराला आणि गुडघ्याला नमस्कार केला नाही, एवढंच काय ते माझं कौशल्य! पाचव्या वेळी अख्खा माणूस आला.

"मॅडम, इच्यारू काय? हाक मारली तर ही बघत नाही. पण शिट्टी घातली की बघती. तसं चालतंय का?"

"चालतंय म्हणजे? पळतंय!"

आता तो ड्यूटीवरून येताना गल्लीच्या तोंडापासूनच शिट्टी घालतो. परवा सांगत होता, "शेजारची चार पोरं बी पळत येत्यात, मॅडम. पण पयली हीच!"

*

जयनगरच्या सुधाताईंनी त्या दिवशी माझा निरोप घ्यायलाच कॉल लावला होता. सासूबाईंना स्मृतिभ्रंश, सहा वर्षं झालेली. त्यांना आता कुणीच ओळखू येत नव्हतं. सुधाताई म्हणाल्या, "मी कोण हेच त्यांना माहीत नाही. मग मी हे नक्की कुणासाठी करतेय? आता त्यांना एखाद्या वृद्धाश्रमात ठेवावं म्हणते."

एवढ्यात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. त्या गॅस बंद करायला उठल्या, आणि सासूबाई येऊन थेट त्यांच्या खुर्चीत बसल्या. पांढरीशुभ्र वेणी, स्वच्छ साडी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

"सुधाताईंशी बोलत होते."

"इथे तसं कुणी नाही. एक बाई असते. हात फार मऊ आहे हो तिचा. केस विंचरते तेव्हा झोप येते मला."

सुधाताई मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसत होत्या. त्या हळूच आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"आजी, तुम्हाला सून आहे ना?" मी विचारलं.

"आहे तर."

"कशी आहे?"

सासूबाईंनी दाराकडे बघून घेतलं. मग पुढे वाकून, आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून आमटी माझ्यापेक्षा चांगली करते. पण तिला सांगू नकोस हं!"

"नाही सांगत," सुधाताई म्हणाल्या.