नळीतली फुंकर

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने नवीन काही अंगावर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी घरी येताजाता बोलूनही दाखवतो. तरीही ती रायफल मी दुरुस्तीला घेतली. नाही म्हणायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. हो म्हणायला एक शब्द पुरतो, नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात.

मी पुण्याच्या टूलरूममध्ये तयार झालेला माणूस. एकवीस वर्षं झाली इथे अमिरातीत येऊन, त्यातली शेवटची नऊ एका शूटिंग रेंजच्या वर्कशॉपमध्ये गेली. सकाळी अजमानहून निघायचं, पाऊण तास वाळवंटाच्या दिशेने गाडी हाकायची, दिवसभर उभ्याने लोकांच्या बंदुका उघडायच्या, साफ करायच्या, स्प्रिंगा बदलायच्या, आणि परतीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून घर गाठायचं. घरी पोहोचलो की मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणायची, "बाबा, यू लुक सो टायर्ड." आणि पुन्हा मान खाली. तिचं निदान बरोबर असायचं, पण त्यावर कुणाकडे औषध नव्हतं.

रायफल घेऊन आला तो इथलाच एक अरब म्हातारा, पंचाहत्तरीच्या पुढचा. दम लागायचा त्याला, डोळेही अधू झालेले. जुन्या व्यापाऱ्यांसारखी मोडकीतोडकी हिंदी छान बोलायचा. मी साधा डिप्लोमावाला, पण तो मला पहिल्या दिवसापासून मुहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. रायफल त्याच्या वडिलांची. एका वेळी एकच काडतूस घेणारी; खालचा दांडा ओढला की मागचं तोंड उघडतं, काडतूस सरकवायचं, दांडा वर करायचा. नळी गंजाने आतून पार खाल्लेली होती आणि चाप तुटला होता. दुरुस्तीचे सगळे परवाने त्याने आधीच काढून ठेवले होते. परदेशातून नवी नळी आली, चाप आणि स्प्रिंग मी केली, लाकडाचा दस्ता एका सुताराने सांधला. त्यात एक उन्हाळा गेला.

बंदूक उभी राहिली, पण काम तिथे संपत नव्हतं. म्हाताऱ्याच्या मुलांनी घरची मजलिस नव्याने बांधायला काढली होती. पाहुण्यांच्या त्या बैठकीत मधल्या भिंतीवर, काचेमागे, दिवे लावून रायफलची जागाही तयार होती. तिथे लावायची तर नळी वितळवलेल्या धातूने कायमची बुजवायची, म्हणजे परवान्यांची कटकट उरत नाही, असं थोरल्या मुलाचं म्हणणं. म्हाताऱ्याला ते जिवंत माणसाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटत होतं. बाप-लेकांत शेवटी ठरलं ते असं: मे महिना लागायच्या आत मुलांच्या समोर पाच गोळ्या झाडायच्या, शंभर मीटरवर टांगलेल्या पोळपाटाएवढ्या लोखंडी थाळीवर. पाचही लागल्या तर रायफल चालती राहील, थोरला ती घरात ठेवायच्या परवान्यावर सही करेल. एक जरी चुकली तर भिंत.

"मेरा आँख कमज़ोर है, हाथ नहीं," म्हातारा मला म्हणाला. "थाली मैं सुनेगा. तुम गोली अच्छा बनाओ."

गोळी अच्छा बनवणं हेच खरं डोक्याला ताप होतं. असल्या जुन्या रायफलीला जुनी, धूर करणारी काळी दारूच लागते. आजची दारू घातली तर तिच्या चिंधड्या उडतील. तिची काडतुसं विकत मिळत नाहीत, एकेक हाताने भरावं लागतं. दारू रेंजच्या कुलुपात असायची आणि रेंज ऑफिसर, एक तापट पठाण, ती माझ्यासमोर तोलून सही घेऊन द्यायचा. मग माझा उद्योग सुरू. दारू किती, दाणा केवढा, ती किती दाबायची, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती जाड की पातळ, मेणात चरबी किती, शिशात कथील किती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच काडतुसं भरायची, म्हाताऱ्याने ती झाडायची, मी वहीत लिहायचं. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या की पुढची कृती. कृती नंबर एक, नंबर दोन, तीन. शाळेतल्या प्रयोगवहीत लिहिल्यासारखं मी सगळं लिहीत होतो: हवा, वारा, ऊन, सगळं.

म्हातारा आठवड्यातून दोनदा असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर यायचा. बरोबर ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या हातात गहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली त्यांची फिकी कॉफी, आणि खजुराचा डबा. पहिली गोळी सुटायची, पांढऱ्या धुराचा ढग उठायचा, मी दुर्बिणीतून पाहून सांगायचो कुठे गेली ते. रायफल उघडून बाकावर ठेवायची, की म्हातारा मागच्या शेडकडे वळायचा. "तआल, मुहंदिस. गहवा." मग आम्ही दोघं गालिच्यावर टेकायचो. इथल्या माणसाने पुढे केलेला गहवा नाकारायचा नसतो, एवढं मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. रिकामं फिंजान, म्हणजे त्यांचा बिनकानाचा इवलासा कप, दोन बोटांत धरून हलवलं की पुरे, हेही कळलं होतं. नाही हलवलं तर वाढणारा वाढतच राहतो. मी तीन घ्यायचो. म्हातारा फिंजान ओठांना लावून खाली ठेवायचा. मग दुसरी गोळी. मग परत गहवा.

जानेवारी संपेपर्यंत सहा कृती झाल्या आणि सहाही वाया गेल्या. पहिली गोळी बरी लागायची, मग जी पांगापांग सुरू व्हायची ती पाचवीपर्यंत. थोरला मुलगा एकदा येऊन बघून गेला. जाताना मोबाईलवर मला भिंतीचा फोटो दाखवला. दिवे फार सुंदर लावले होते.

मग रमजान लागला आणि कृती नंबर सात लागू पडली. पाच गोळ्या, पाच टणत्कार. म्हातारा प्रत्येक आवाजाला मान हलवत होता, पाचव्या आवाजाला त्याने डोळे मिटले. चार दिवसांनी पुन्हा पाच. मग पुन्हा. मी वहीत नंबर सातभोवती लाल पेनाने चौकट केली. घरी जाताना मिठाई घेतली. "चाळीस दिरहॅम! म्हणजे हजाराच्या घरात की हो," बायको म्हणाली, पण तिने दोन खाल्ल्या.

ईद झाली. म्हातारा नवा कंदुरा, त्यांचा तो पांढरा पायघोळ झगा, घालून आला, माझ्या हातात अत्तराची बाटली ठेवली, आणि नंबर सातच्या पाचातल्या दोनच गोळ्या थाळीला लागल्या. पुढच्या खेपेला एक.

माझ्यात तर राग यायचीही ताकद उरली नव्हती. उन्हाळा चढत होता, तेव्हा मी उन्हाला दोष दिला. काडतुसं बर्फाच्या डब्यात ठेवून पाहिली. मेण घट्ट केलं. दारूचा नवा डबा फोडला होता, मग त्याच्यावर खापर फोडलं. नंबर आठ, नंबर नऊ. एप्रिलचे दोन आठवडे असेच गेले. घरी बायको म्हणाली, "अहो, सोडून द्या ना आता. एवढं काय त्या बंदुकीत? पगार तर तेवढाच मिळणार आहे." खरंच होतं. पण त्या भिंतीचा फोटो डोळ्यांसमोरून जाईना. पुढच्या वर्षी माझाही व्हिसा संपणार होता, कंपनी वाढवून देईल याची काही खात्री नव्हती. नळी बुजवून दिव्याखाली ठेवलेली ती रायफल मला आपली वाटायला लागली होती, हे मी बायकोला सांगितलं नाही.

उलगडा पठाणाने केला, तोही कुरकुर करताना. सही घ्यायला त्याने रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. "उस्ताद, रमज़ान में तुम लोग बीस मिनट में खलास करता था. अभी एक-एक गोली पे गहवा, खजूर, गपशप. मेरा मग़रिब का नमाज़ रोज़ इधर ही हो जाता है. यल्ला करो ना थोड़ा."

मी रजिस्टर ओढून घेतलं. आत यायची वेळ, बाहेर पडायची वेळ. हिवाळ्यात दीड तास. रमजानात वीस मिनिटं, पंचवीस. ईदनंतर परत दीड तास. माझ्या वहीत वाऱ्यासाठी रकाना होता, उन्हासाठी होता. गहव्यासाठी नव्हता.

काळी दारू जळली की नळीत कीट राहतं. ओलं असेपर्यंत ते मऊ असतं, पुढची गोळी त्याच्यावरून सुखाने जाते. या कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटं गेली की ते खरकट्या ताटासारखं वाळून खडखडीत होतं, आणि मग गोळी वाट्टेल तिकडे जाते. प्रत्येक गोळीनंतर नळी पुसावी, तर ती दर वेळी सारखीच पुसली जात नाही आणि गोळी हुकते. म्हणून पाच झाल्यावर पुसायची हे मला ठाऊक होतं. मधे बसून राहायचं नाही, हे लक्षातच आलं नाही. रमजानात गहवा नव्हता आणि म्हाताऱ्याला इफ्तारच्या आत घरी पोहोचायचं असायचं, एवढीच नंबर सातची करामत.

स्वतःची लाज वाटली. म्हाताऱ्याचा पाहुणचार, मी नोकर माणूस, नाही कसं म्हणणार, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. पहिलंच फिंजान हलवायला काय लागतं? मी हलवत नव्हतो, कारण दिवसभरात टेकायला मिळायचं ते तेवढंच. त्या गालिच्यावर मला कुणी काही विचारत नव्हतं. ती दहा मिनिटं मला हवी होती, आणि त्यापायी एका म्हाताऱ्याचा अख्खा हिवाळा मी पिऊन टाकला होता.

पुढच्या खेपेला मी त्याला सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला, मग हसायला लागला, हसता हसता त्याला दम लागला.

"गहवा मेरे वास्ते नहीं था," तो म्हणाला. "मेरे को तो डॉक्टर मना किया. तुम आता था तो तुम्हारा मुँह ऐसा," त्याने गाल खाली ओढून दाखवले, "मैं ड्रायवर को बोला, मुहंदिस थका है, इसको बिठाओ."

एकवीस वर्षांत मी थकलोय हे पुष्कळांनी सांगितलं होतं. 'जरा बस' म्हणणारा हा पहिलाच.

मग मी पुस्तकात वाचलेला आणि वेडेपणा म्हणून सोडून दिलेला एक उपाय करून पाहिला. रिकाम्या काडतुसाला भोक पाडलं, त्याला हातभर रबरी नळी जोडली. गोळी सुटली की रायफल उघडायची, ते काडतूस मागून बसवायचं आणि नळीत सावकाश फुंकर मारायची, चार-पाच वेळा. श्वासाच्या ओलीने कीट मऊ राहतं. जुने लोक म्हणे हेच करायचे. म्हाताऱ्याच्या छातीत तेवढा दम नव्हता, तेव्हा फुंकर माझी. तोंडाला सडक्या अंड्याचा वास यायचा, पण थाळी वाजायला लागली.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी दोन्ही मुलगे आले. थोरला घड्याळ बघत उभा होता. पहिली गोळी, टण्ण. मी फुंकर मारली. दुसरी, तिसरी, चौथी. चौथीनंतर म्हाताऱ्याचा हात छातीवर गेला आणि तो मागच्या खुर्चीवर बसला तो बसलाच. डोळे मिटलेले, श्वास घरघरणारा. धाकटा पंपाचं औषध घेऊन धावला. थोरला अरबीत म्हणाला, "बाबा, खलास." चार झाल्या तेवढ्या पुरे.

म्हाताऱ्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा.

मी बाकाजवळ उभा राहून फुंकत राहिलो. तो घेऊ शकत नव्हता ते सगळे श्वास मी त्या नळीत घालत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझं डोकं गरगरायला लागलं. पठाणाने कधी नव्हे ते माझ्या पाठीला हात लावून मला धरलं. घड्याळाकडे मी बघितलं नाही. आयुष्यात इतका थकलो नव्हतो, आणि थांबावं असं एकदाही वाटलं नाही.

शेवटी म्हातारा उठला, मी फुंकायचं काडतूस काढून घेतलं. पाचवं काडतूस त्याने स्वतः सरकवलं, दांडा वर केला. धूर उठला. धुरामागे काही दिसेना, आणि क्षणभर काही ऐकूही येईना.

टण्ण.

थोरल्याने तिथेच बाकावर कागद ठेवून सही केली. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला दंडाला धरून शेडमध्ये नेलं, गालिच्यावर बसवलं, आणि ड्रायव्हरला बाजूला सारून दल्ला, ती गहव्याची किटली, स्वतःच्या हातात घेतली. घरातला वडीलधारा स्वतः गहवा ओततो तो सगळ्यात मानाच्या पाहुण्यासाठीच, हे मला माहीत आहे. त्याने एक भरलं, मी प्यायलो. दुसरं भरलं, तिसरं भरलं. दोन्ही मुलगे उभे होते आणि मी बसलो होतो.

मी फिंजान हलवलं नाही.