लेखी नोटीस कुठाय?

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं कायदा कधी अर्धवट वाचू नये! मी वाचला, आणि चिंचवडच्या वीज कार्यालयात भर रांगेत स्वतःची शोभा करून घेतली. चहा घ्या, सांगतो.

आमची कंपनी दिवाळीनंतर बंद पडली. चाकणला होती, गाड्यांचे पार्ट बनवायची. पहिले काही दिवस मी सवयीनं सकाळी डबा मागायचो. हसू नका! पुढं तेही सुटलं. घर बायकोच्या, आमच्या सुनंदाच्या शिलाई मशीनवर चालायला लागलं. मोटरवरचं मशीन, लग्नसराईचे ब्लाऊज, दिवसभर घरघर. ते थांबलं की आमची चूल थांबली. आणि लाईट बिल तर थकलेलं.

मला धास्ती एकच, कुणीतरी येऊन वायर कापून जाईल. म्हणून मोबाईलवर वीज कायदा उघडला. त्यात साफ लिहिलंय, बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईट तोडता येत नाही. म्हटलं, बघा! आम्हाला घरी बसवताना एवढी नोटीस मिळाली नव्हती, वायरला मिळते!

आणि एका सकाळी मशीन गप्प झालं. पंखाही थांबला.

"अहो, लाईट..." सुनंदा काहीतरी बोलणार होती, पण माझा चेहरा बघून थांबली.

शेजारी विचारावं? कसं विचारणार? "तुमची आहे का?" म्हटलं की "का, तुमची गेली?" येणारच! मी इस्त्रीचा शर्ट चढवला, बुटांना पॉलिश केलं आणि तडक निघालो.

कार्यालयात काउंटरवरच्या मॅडम फाईलनं वारा घेत बसल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, ते बघून तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? रागात कुठली पेटते!

"मॅडम, माझी लाईट तोडलीत! नोटीस कुठाय? लेखी नोटीस?"

"काका, ऐका तर..."

"ऐकायचं काय? बिल थकलंय, मान्य! पण पंधरा दिवसांची नोटीस हा माझा हक्क आहे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतायत राव!"

झालं, मी आणखी चढलो. बायकोचं मशीन, अडकलेले ब्लाऊज, बंद पडलेली कंपनी, सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता आवाज चिरकला.

मॅडमनी हळूच विचारलं, "काका, आज वार कुठला?"

मला आठवेना. खरंच सांगतो, आठवेना.

"गुरुवार," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची लाईट बंद आहे. आमचीसुद्धा."

गुरुवार! या दिवशी इथपासून चाकणपर्यंत दुरुस्तीला लाईट जाते म्हणून तर आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची. अख्खी नोकरी मी त्या वाराची वाट बघत काढली. केस कापणं, बाजार, सासुरवाडी, सगळं गुरुवारी. आता रोजच सुट्टी, तर तोच वार मला ओळखता येईना. फार वाईट वाटलं हो.

"तुमची नोटीस अजून निघालीच नव्हती," मॅडमनी पेन उचललं. "पण आता एवढी मागताय, तर नाव सांगा. पाठवते. लेखी."

घरी आलो तर सुनंदा दारातल्या उजेडाला बसून ब्लाऊजला हुक लावत होती.

"तुला ठाऊक होतं, आज गुरुवार आहे?"

"होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

तिचा हात थांबला. "किती महिन्यांनी बुटांना पॉलिश केलंत. म्हटलं, जाऊ द्यावं."

खाली बसून मी बूट काढले.

"नोटीस पाठवतायत," शेवटी मी म्हणालो. "मीच मागून आलो."

"बरं झालं," ती म्हणाली, "परत जायला काम मिळालं. फक्त गुरुवार सोडून जा."