जमिनीला कुणी विचारलं?

माझी ताई तोंडाची फटकळ. तिच्या ऑफिसात इंटरनेटचा नकाशा करतात: कुठली कंपनी कुणाला जोडलेली, निरोप कुठल्या वाटेनं जातो. हे मोजायच्या तिथे दोन पद्धती, आणि दोन टोळ्या. एक टोळी कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या वाटा गोळा करते. दुसरी छोटासा निरोप सोडते आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राच्या उत्तराची वाट बघते. दोघांचं कधी जुळायचं नाही. ताईचं काम दोन्ही नकाशे ताडून बघायचं. "कंपन्या फुशारक्या मारतात, यंत्रं मूग गिळून बसतात," ती करवादायची.

एकदा आमच्या शहरातल्या हॉस्पिटलनं विचारलं, इंटरनेटच्या आमच्या दोन लाइनी खरंच वेगळ्या आहेत ना? त्यांच्याकडे मेंदूचे फोटो बघणारा डॉक्टर नाही. फोटो लाइनीवरून दुसऱ्या शहरात जातात. एक तुटली तर दुसरी हवीच. ताईनं ताडून पाहिलं. कंपन्या दोन, यंत्रं वेगळी, वाटा वेगळ्या. पहिल्यांदाच दोन्ही नकाशे तंतोतंत जुळले. टोळ्यांनी एकमेकांना चहा पाजला. ताईनं कळवलं, निर्धास्त राहा.

मग एके दिवशी रस्ता खणणाऱ्यांनी पुलाजवळ केबल तोडली. एका घावात दोन्ही लाइनी गेल्या. त्याच दुपारी आईचं तोंड वाकडं झालं. त्याच हॉस्पिटलात फोटो काढले, पण ते तिथेच अडकले. आम्ही भावंडं दाराशी नुसती उभी. उपचार सुरू होईतो आईची वाचा गेली होती.

दुसऱ्या दिवशी ताई मला पुलाशी घेऊन गेली. खड्ड्यात एकच पाइप, त्यात दोन्ही कंपन्यांच्या केबली एकमेकींना चिकटलेल्या. खणायचा खर्च वाचवला होता मेल्यांनी!

"कंपन्यांना विचारलं, यंत्रांना विचारलं," ताई म्हणाली. "जमिनीला विचारायला कुणी गेलं नाही. मीसुद्धा."

मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तिचे साहेब आईला बघायला आले. "मोजण्यात चूक नव्हती हो," खुर्ची ओढत ते म्हणाले. "दोन्ही पद्धती जुळत होत्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनं मात्र शांतपणे खुर्ची बाजूला सरकवली.

"हे आईला सांगा, साहेब."

त्यांनी सांगितलं. आई त्यांच्याकडे बघत ओठ हलवत राहिली. साहेब दाराकडे वळले, तशी ताई आडवी आली.

"थांबा. तिचं उत्तर यायचंय."