वाढवलेला पंप

होळी झाली आणि आमच्या ट्रकचा डिझेल पंप गेला. इंजिनाला किती तेल द्यायचं ते हा पंप ठरवतो. तो झिजला की गाडी ओढत नाही. ट्रक आमचा स्वतःचा, चालवायचा माझा नवरा. मी परतवाड्याला दवाखान्यात नर्स होते. जंगल ठेकेदाराचं सागवान सेमाडोहहून घाटातून परतवाड्याला आणायचं काम आम्हाला मिळालं होतं. पावसाळ्यात जंगलातले रस्ते बंद होतात, त्यामुळे सगळी कमाई उन्हाळ्याची. ठेकेदाराने निरोप धाडला होता की अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गाडी घाटात दिसली नाही तर फेऱ्या दुसऱ्याला देईन. एकदा दिलेल्या फेऱ्या परत मिळत नसत आणि त्या गेल्या तर ट्रक ठेवणं परवडणार नव्हतं.

नवा पंप मुंबईहून यायचा, तोही नंबर लागला तर. म्हणून आम्ही गाडी रखडत अकोल्याला नेली. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक मिस्त्री मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग बसवून देत असे. मी रजा काढून बरोबर गेले, कारण नवरा घाईत असला की कशालाही हो म्हणतो.

मिस्त्रीने पोत्यात गुंडाळलेला पंप काढला. धामणगावकडच्या, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकचा होता.

"भाऊ, आधीच सांगून ठेवतो, हा वाढवेल हाये," मिस्त्री म्हणाला.

"म्हंजे काय?" मी विचारलं.

"म्हंजे जोर हाये," नवऱ्याने परस्पर उत्तर दिलं.

"तुमी थांबा. त्याईले सांगू द्या."

मिस्त्री हसला. "बाई, कंपनीनं तेलाची हद्द बांधून देल्ली असते. इथं कोनीतरी सील तोडलं, पेच फिरवला अन् हद्द पुढं सरकवली. जास्त तेल, जास्त जोर. गाठी उरावर येईपर्यंत भरत होते ते."

"मंग होता तसा करून द्या."

"देतो ना. पन कितीनं कमी करू? मोजाची मशीन नागपूरले. अंदाजानं केला अन् गाडी ओढली नाही, त भाऊ मलेच शिव्या देईन."

"नागपूरले नंबर लागेपर्यंत अखाजी येऊन जाईन," नवरा म्हणाला. "राहू दे. मले ओढाचंच हाये."

मिस्त्रीने खुणा जुळवून पंप बसवला, नळ्यांतली हवा काढली आणि गाडी चालू केली. मागून काळा धूर निघाला. आमच्याकडे तेव्हा काळ्या धुराला कोणी दोष मानत नसे. काळा धूर सोडणारी गाडी म्हणजे खात्यापित्या घरची, असंच सगळे ड्रायव्हर समजत. नवऱ्याचा चेहरा उजळला. मी पुन्हा नागपूरचं नाव काढलं, तर म्हणाला, "तू सुया टोच. गाडीचं मी पाहीन."

तपासणी म्हणून त्याने अकोल्यात ढेपेची पोती भरली आणि अमरावतीचा रस्ता धरला. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही पुढच्या प्रत्येक गाडीला मागे टाकलं. आमचा क्लीनर नवऱ्याच्याच गावचा, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. दरवाजावर थापा मारून तो रस्ता मागायचा.

"वैनी, ह्या गाडीले आवरा," तो ओरडला, "नाही त तुमाले माहेरी टाकून येते!"

"माहेर मागं राह्यलं रे. खाली पाय पडून मरशील, आत बस."

परीक्षा झाली असं आम्ही धरलं. खरं तर ती परीक्षाच नव्हती. अकोला ते अमरावती सगळी काळी सपाट जमीन. तिथे थोडा वेळ पाय दाबायचा, गाडीने वेग घेतला की उचलायचा. इंजिनाला दम खायला मिळतो. घाटात पाय उचलताच येत नाही. सपाटीवर वाढलेल्या माणसांना जोर तेवढा दिसला. तो सतत लावला तर आत काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दोघांनी सांगितलेलं आहे. सेमाडोहला गाडी रिकामी गेली ती मजेत गेली. परत येताना मात्र परतवाड्याकडे उतरण्याआधी सिपना नदीच्या खोऱ्यातून वर चढावं लागतं, आणि गाडी लाकडांनी भरलेली. नवऱ्याने पाय दाबला तो दाबलेलाच राहिला. पाणी उकळलं. थांबून, थंड करून, पाणी घालून तो पुन्हा निघाला. शेवटच्या वळणाच्या आधी इंजिनात काहीतरी कडाडलं आणि ते बंद पडलं.

इंजिन बंद पडलं की पायाचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, आणि एवढं वजन हातब्रेकने धरवत नाही. गाडी मागे सरकू लागली. त्या घाटाची रीत अशी की चढावर क्लीनर लाकडी गुटका घेऊन मागे फळीवर उभा असतो. आमचाही होता. त्याने उडी मारून चाकामागे गुटका दिला. गाडी गुटक्यावर बसली, आणि त्याच्या उजव्या हातावरही. नवरा गाडी पुढे घेऊ शकत नव्हता. वरून दुसरा ट्रक आला, त्याने साखळी लावून ओढलं, तेव्हा हात निघाला.

क्लीनरला आमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा हाताला फेटा गुंडाळला होता. मी तो सोडला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. हात वाचणारा नव्हता. अमरावतीला मनगटाच्या वर कापला; मी बरोबर गेले होते. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "वैनी, आता दरवाजा कोन्या हातानं वाजवू?" मी त्याचा ताप पाहिला आणि पाणी पाजलं. त्याची बायको जमिनीवर बसून होती.

इंजिन उघडलं तर जादा तेलाच्या आचेने पिस्टन वितळून त्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. अखाजीच्या आधीच ठेकेदाराने दुसरा ट्रक लावला. आम्ही आमचा मोडीत काढला, पंप तेवढा विकायला काढून ठेवला.

एक दिवस दर्यापूरकडचा एक ट्रकवाला पंपासाठी दारात आला. नवरा आत निजला होता. मी त्या माणसाला सगळं सांगितलं. चढ, पिस्टन, क्लीनरचा हात, काही सोडलं नाही.

त्याने मान हलवत ऐकून घेतलं. "लई वाईट झालं, बाई. पन आमाले घाट कुठं हाये? आमी गाठी नेतो. जोर हाये ना त्याले?"

"नागपूरले मोजून घ्या, मंगच बसवा."

"घेऊ ना," तो म्हणाला. घेणार नव्हता, ते दिसत होतं. पैसे देऊन पंप त्याने गमछ्यात बांधला आणि नेला.

नवरा उठून आला. "सांगत कावून बसली होती त्याले?"

"सांगाले पायजे होतं म्हनून."

"ऐकलं त्यानं?"

"नाही."

पुढच्या महिन्यापासून नवरा त्याच घाटात, ठेकेदाराने लावलेल्या दुसऱ्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. क्लीनर नवा होता.