धूरमास्तरांचं साधं ब्रिस्केट

धूरमास्तर लिफ्टमध्ये शिरले की सोबतची माणसं आपापल्या घरी फोन लावून विचारायची, "गॅस बंद केलाय ना?" मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, डोक्याला तेल, आणि वास असा की माणूस नुकताच कुठली तरी आग विझवून आलाय. चर्चमध्ये मात्र त्यांच्या बाकावर बसायला चढाओढ असे. त्या वासाने भूक खवळायची, आणि मिस्सा संपला की अर्धा बाक त्यांच्या मागोमाग घरी. एकदा फादरसुद्धा गेले होते. मी गेले ती चार वर्षं तिथेच राहिले.

म्हणजे रीतसर भाड्याने हो! तिकडे गल्फमध्ये, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या बाजूला मास्तर आणि त्यांची बायको मेरीआंटी राहत. तीन खोल्या आणि एक चिंचोळं अंगण. त्यातली एक खोली मला दिली. माझं ऑफिस मुसफ्फात, दहा मिनिटांवर. मास्तर आमच्या वसईकडचे, एका हॉटेलच्या किचनमध्ये अठ्ठावीस वर्षं बुचर. दिवसभर दुसऱ्यांसाठी मांस कापायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठी धुरावर शिजवायचं, एवढं त्यांचं आयुष्य. ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचा पाच-सहा किलोंचा तुकडा. हट्टी मांस. कुकरला दाद देत नाही, कढईला भीक घालत नाही. बारा तास मंद धुरात ठेवलं तरच ऐकतं. मेरीआंटी म्हणायची, "म्हणून तर दोघांचं जमतं."

त्यांची भट्टी म्हणजे तेलाचं एक जुनं पिंप. मुसफ्फातल्या वर्कशॉपमधल्या चिपळूणच्या एका वेल्डरने ते आडवं कापून, पाय आणि झाकण लावून दिलं होतं. तो बिचारा बीफ खात नसे. "मास्तर, मी खायचा नाय, पण झाकण असं बसवतो की धूर तुम्हांला विचारून बाहेर पडेल," असं म्हणाला होता, आणि शब्द पाळला त्याने. पहाटे चारला मास्तर लाकडं पेटवत आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसत. जुलैचा उकाडा असो, नाहीतर उडणारी रेती असो, माणूस हलायचा नाही. मला धीर कुठला? मी दर तासाला झाकणाला हात घालायचे. मग मास्तर खेकसायचे, "बाय, झोपलेल्या बाळाचं पांघरूण ओढून बघतेस का, झोपलंय का म्हणून?"

खुर्चीत बसून ते मांसाशी बोलायचे. खोटं वाटेल, पण बोलायचे! "काय रे, घाम आला का? येऊ दे, येऊ दे." त्यांची मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची तेव्हा आधी भट्टी दाखवायचे, मग स्वतःला. ती कपाळावर हात मारायची, "Papa, please!" आणि मास्तर मला म्हणायचे, "बघ, जळते ती त्याच्यावर."

आणि वाग्यूचं नाव काढलं की मास्तरांचा पारा चढायचा. वाग्यू म्हणजे ते जपानी जातीच्या गाईबैलांचं मांस. आत चरबीच्या बारीक रेषा असतात, आणि किमतीकडे बघायला काळीज लागतं. सुपरमार्केटच्या काचेआड वाग्यूचं ब्रिस्केट दिसलं की मी मुद्दाम विचारायचे, "घेऊया का, मास्तर?" ते चष्मा वर करून चिठ्ठी वाचायचे, "किलोला एकशेवीस दिरहम. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये! बाय, याला शिजवायचं की याच्या नावाने मिस्सा ठेवायचा?" मग काचेसमोरच व्याख्यान सुरू. स्टेकला वाग्यू घ्या, दोन मिनिटांत काम होतं, जीव खूश. ब्रिस्केटला बारा तास द्यायचेच आहेत, तर साधं मांसही मऊ होतंच की! "मऊ करायचं काम माझं. ते आधीच मऊ असेल तर मी खुर्चीत बसून काय माशा मारू?"

अशा माणसाची गाठ वाग्यूशीच पडायची होती. झालं असं, की मास्तरांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि हॉटेलने त्यांना हार, केक आणि निरोप दिला. व्हिसा आता महिन्याभराचा. मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षं अजून बाकी. मेरीआंटीने कार्गोची खोकी आणली आणि भांडी गुंडाळायला घेतली. मास्तर वरवर हसत होते, पण खुर्चीत बसून मांसाशी बोलेनासे झाले. ते बघून मला रडूच आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि तेवढ्यात देवासारखा हमद आला. हमद म्हणजे व्हिलाच्या अरबी मालकांचा धाकटा मुलगा. पहिल्या वर्षी भिंतीवरून धूर येतो म्हणून तक्रार करायला आला होता. मास्तरांनी हातात प्लेट दिली. तेव्हापासून धूर आला नाही तर तक्रार करायला यायचा. तो आता रेस्टॉरंट काढत होता. आमच्याशी तो नेहमी त्याच्या त्या गल्फवाल्या हिंदीत बोलायचा. "मास्तर, मेरा मेन्यू में सिर्फ वाग्यू ब्रिस्केट. शनिवार को तुम पकाओ, मेरा पार्टनर लोग खाएगा. जेन, एकदम अच्छा निकला तो काउंटर तुम्हारा, व्हिसा मेरा. दो साल." दुसऱ्या दिवशी सहा किलोंचं वाग्यू ड्रायव्हरबरोबर हजर.

मास्तरांनी त्या मांसाकडे बघितलं. मेरीआंटीने मास्तरांकडे बघितलं. "तोंड बंद ठेवायचं," ती म्हणाली. "वाग्यू चांगलं म्हणायचं, खूप चांगलं म्हणायचं, आणि व्हिसा घ्यायचा. कळलं?" मास्तरांनी मान डोलावली. पण त्याच संध्याकाळी जाऊन स्वतःच्या पैशांनी एक साधं ब्रिस्केटही घेऊन आले. "सोबतीला," म्हणाले. "नवीन पाहुणा आहे, एकटं वाटायला नको."

शनिवारी पहाटे चारला दोन्ही एकाच पिंपात गेली, आणि दुपारी चारला तयार होऊन बाहेर आली. आता यापुढची पद्धत नीट ऐका, कारण माती मी तिथे खाल्ली. ब्रिस्केट भट्टीतून काढलं की लगेच कापत नाहीत. कागदात बांधतात, जुन्या टॉवेलांत गुंडाळतात आणि बर्फाच्या खोक्यात ठेवतात. बर्फ न घालता! खोकं गरमी आत धरून ठेवतं आणि मांस दोन-तीन तास आपल्याच रसात मुरतं. मास्तरांचं त्यासाठी निळं खोकं ठरलेलं होतं. लाल खोकं पार्टीत कोल्ड्रिंकचं. पण त्या दिवशी ब्रिस्केट दोन होती. म्हणून वाग्यू गेलं लाल खोक्यात.

मला कोण सांगणार? मी बाजारातून कोल्ड्रिंकचे कॅन आणि बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आले. लाल खोकं उघडलं तर वर टॉवेल. आता आमच्याकडे बर्फावर टॉवेल टाकतातच ना! लग्नात, बारशाला, बर्फ वितळू नये म्हणून जुना टॉवेल, नाहीतर गोणपाट. मला वाटलं, आंटीने आधीच थोडा बर्फ भरून ठेवलाय, वा! टॉवेलावर कॅन रचले, वरून दोन्ही पिशव्या ओतल्या, आणि झाकण दाबून त्यावर चक्क बसून फोन बघितला.

सातला हमद आणि त्याचे दोन पार्टनर येऊन बसले. मास्तर सुरी परजत मागे आले आणि लाल खोकं उघडलं. मी शेजारीच होते. त्यांनी कॅन बाजूला केले, बर्फात हात घातला आणि खालचा ओलाचिंब टॉवेल वर काढला. सहा किलो वाग्यू, बर्फाच्या पाण्यात आंघोळ करून गारठलेलं! मी म्हटलं, "मास्तर, मी..." त्यांचे कान लाल झाले होते. "खलास," एवढंच म्हणाले. मग निळं खोकं उघडलं. "आधी हे वाढतो. ते परत गरम होतंय का बघू."

साधं ब्रिस्केट टेबलावर गेलं. हमदने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला आणि टेबलावर हात आपटला. "वल्ला! देखा? मैं बोला ना! ये होता है वाग्यू!" पार्टनर माना हलवत होते. मेरीआंटीने माझा हात असा दाबला की बोटं दुखली. कुणाला काही कळणार नव्हतं. मास्तरांनी फक्त हसायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, मास्तर, हसा! मुलीसाठी हसा!

"हबीबी," मास्तर म्हणाले, "ये वाग्यू नहीं है."

मेरीआंटीने "येशू" म्हणून खाली मान घातली.

"ये सादा है. पैंतीस दिरहम किलोवाला."

हमदने काटा खाली ठेवला. "तो मेरा वाग्यू किधर है?"

मी उभी राहिले. "वो... पेप्सी के नीचे है."

हमद उठून मागे गेला. खोक्यात डोकावला. आणि मग असा हसायला लागला, असा हसायला लागला, की डोक्यावरचं फडकं घसरून बर्फात पडलं. पार्टनर धावत आले, तेही हसायला लागले. मी रडत होते आणि रडता रडता मलाही हसू फुटलं. मास्तर मात्र गंभीर. त्यांनी वाग्यूच्या चार चकत्या तव्यावर गरम करून समोर ठेवल्या. "खाओ. ये भी अच्छा है. दो टुकडा खाओ तो जन्नत. तीसरे में पानी माँगेगा. इतना चरबी है. प्लेट भर के खाने का चीज नहीं." हमदने दोन चकत्या खाल्ल्या. तिसरी उचलली, थांबला, आणि पाण्याचा ग्लास घेतला. जाताना हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. इन्शाल्ला म्हणाला.

त्या रात्री मी मास्तरांना नाही नाही ते बोलले. माझ्या चुकीवर देवाने पांघरूण घातलं होतं आणि यांनी ते ओढून काढलं! तर म्हणतात कसे, "बारा तास जळला तो साधा तुकडा, चव दिली त्याने, आणि नाव लावायचं दुसऱ्याचं? आपल्या पोराचं बक्षीस शेजाऱ्याच्या पोराला देऊ?" मेरीआंटी भांडी गुंडाळत राहिली.

नऊ दिवस फोन नाही. दहाव्या दिवशी हमदचा ड्रायव्हर दारात. "अरबाब, मेरा सेठ, पासपोर्ट माँगता है. और बोला, गोश्त वोही, सस्तावाला."

"सस्ता नहीं, सादा!" मास्तर ओरडले. मग आत जाऊन पासपोर्ट आणून दिला. मेरीआंटी कार्गोच्या खोक्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मग उठून तिने खोकी फोडायला घेतली.

दोन वर्षांची पुढे साडेतीन झाली. मुलगी नर्स झाली. मी लग्न करून शारजाला, अल मजाजला राहायला गेले तरी महिन्यातून एकदा त्या काउंटरवर उभी असायचे. मेन्यूत वाग्यू शेवटपर्यंत आलं नाही. गेल्या मे महिन्यात दोघं कायमची वसईला गेली. मी एअरपोर्टवर सोडायला गेले होते. आंटी ट्रॉलीपाशी होती, मास्तर आणि मी जरा बाजूला. जे साडेतीन वर्षं पोटात होतं ते मी विचारून टाकलं. "मास्तर, त्या दिवशी व्हिसा गेला असता. खरं सांगा, भीती नाही वाटली?"

"वाटली की," मास्तर म्हणाले. "म्हणून तर घाईघाईने बोललो. त्याने अजून एक घास खाल्ला असता, तर मी गप्प बसलो असतो."